पाते किती लांब असावे?

विळ्या-भोपळ्याचे सख्य आपल्या भाषेत प्रसिद्ध आहे. परंतु विळ्याचे खरे सख्य ज्याच्याशी जुळावयास हवे तो भोपळा नसून माणसाचा हात होय. ते जुळले नाही तर भोपळा बाजूस राहतो आणि बोट मात्र कापले जाते. हडपसरच्या परिसरात पाते नाही असे घर शोधूनही सापडावयाचे नाही. स्वयंपाकघरात विळी, मळ्यात खुरपे, रोपवाटिकेत कलमाचा चाकू, उसाच्या फडात कोयता, आणि सहलीस निघालेल्या मुलाच्या पिशवीत मिटता चाकू. इतकी पाती रोज पाहूनही कोणत्या कामास किती लांबीचे पाते घ्यावे याचा विचार आपण क्वचितच करतो. तो येथे थोडक्यात करण्याचा आमचा मानस आहे.

हा विचार करण्यास आम्हांस एक निमित्त घडले. मागे एकदा पावसाळा सरता सरता काही विद्यार्थ्यांसह आम्ही कानिफनाथाच्या डोंगरावर गेलो होतो. वर पोहोचल्यावर शिदोऱ्या सुटल्या, काकड्या निघाल्या, आणि एका विद्यार्थ्याने पिशवीतून वीतभर पात्याचा चाकू बाहेर काढला. सर्वांनी कौतुकाने पाहिले. त्याने काकडी डाव्या हातात धरून सोलावयास आरंभ केला, आणि तिसऱ्या-चौथ्या सालीस पाते घसरून अंगठ्यात शिरले. शेजारच्या मुलाने आपल्या लहानशा चाकूने उरलेल्या सगळ्या काकड्या बिनबोभाट सोलल्या. रक्त थांबल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्यास विचारले, "अरे, एवढा मोठा चाकू कशाला आणलास?" तो म्हणाला, "सर, डोंगरावर जायचे होते म्हणून." या उत्तरातच सारी चूक भरलेली आहे. चाकू डोंगरास पाहून निवडावयाचा नसतो. जे कापावयाचे त्यास पाहून निवडावयाचा असतो.

प्रथम मापाविषयी. आपल्या पूर्वजांनी लांबी मोजण्यास हातच वापरला. चोवीस अंगुळांचा एक हात, बारा अंगुळांची एक वीत, असा तो हिशेब. हात अठरा इंचांचा धरला तर वीत नऊ इंचांची, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर होते, आणि एक अंगूळ पाऊण इंचाचे ठरते. अर्थात् चार अंगुळे म्हणजे ३ इंच, अथवा साडेसात सेंटिमीटर. आठ अंगुळे म्हणजे ६ इंच, अथवा १५ सेंटिमीटर. चार, आठ आणि बारा ही तीन मापे वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन त्यांभोवतीच फिरणार आहे. पाते मोजावयाचे ते मुठीच्या कडेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत. वाकडेपणाच्या कडेने नव्हे.

आता लांबीने नेमके काय घडते ते पाहू. तिचे परिणाम तीन आहेत.

पहिला परिणाम ताब्यासंबंधी. मनुष्याचे मनगट कितीही स्थिर असले तरी किंचित् हलतेच. समजा, ते केवळ एका अंशाने हलले. पाते ८ सेंटिमीटर असेल तर टोक जागेवरून सुमारे १.४ मिलिमीटर सरकेल; पाते २४ सेंटिमीटर असेल तर तेच टोक ४.२ मिलिमीटर सरकेल. भूमितीच्या तासाला कंसाची लांबी काढावयास आपण शिकतो, तोच हा हिशेब. काकडीची साल मिलिमीटरभर जाड. तेथे चार मिलिमीटरांची चूक म्हणजे अंगठ्याशी गाठ. म्हणून सोलणे, कोरणे, डोळा काढणे, टाका उसवणे ही जी नाजूक कामे, त्यांस लहान पातेच हवे.

दुसरा परिणाम ओढीसंबंधी. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर टोमॅटो चिरडतो. तीच सुरी दाबता दाबता मागे-पुढे ओढली तर साल अलगद कापली जाते. धार दाबाने कापते त्याहून ओढीने अधिक सहज कापते. ही ओढ पुरेशी मिळण्यास पात्याला लांबी हवी. पावाचा मोठा लादा कापावयाचा तर पाते लाद्याच्या रुंदीहून बरेच लांब असले पाहिजे; नाहीतर दर खेपेस टोक पावातच अडकते आणि चुरा पडतो.

तिसरा परिणाम घावासंबंधी. हात फिरवून घाव घातला असता पात्याचा जो भाग खांद्यापासून दूर, तो अधिक वेगाने फिरतो. वेग दुप्पट झाला तर घावाची शक्ती चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. ऊस, बांबू अथवा बाभळीची फांदी तोडणारी हत्यारे लांब व जड असतात ती याच कारणाने. परंतु ज्या नियमाने घाव जोरकस होतो, त्याच नियमाने चुकलेला घावही जोरकस होतो, हे विसरता कामा नये.

येथे एक शंका उपस्थित होईल. लांब पात्याने लहान काम होत नाही काय? होते, पण महाग पडते. मुठीपासून ५ सेंटिमीटरांवर किलोभर जोर लावला असता मनगटावर जो पीळ येतो, त्याच्या चौपट पीळ तोच जोर २० सेंटिमीटरांवर लावला असता येतो. तरफेचा नियम येथे आपल्या विरुद्ध काम करतो. म्हणूनच कठीण वस्तू कापताना अनुभवी मनुष्य पात्याचा मुठीलगतचा भाग वापरतो आणि टोकाकडील भाग हलक्या कामास ठेवतो. ज्या पात्याचा पुढील अर्धा भाग कधी कामासच येत नाही, ते पाते अर्धे अधिक लांब आहे असे खुशाल समजावे.

हे नियम मनात धरून आता घरापासून रानापर्यंत एक फेरी मारू.

घरात पहिला मान विळीचा. विळीची युक्ती मोठी शहाणपणाची आहे. चाकूत पाते हलते व भाजी स्थिर राहते. विळीत पाते पाटास घट्ट बसविलेले असून भाजी हलते. दोन्ही हात भाजीवर असतात, पाय अथवा गुडघा पाटावर असतो, आणि धार डोळ्यांसमोर एकाच जागी उभी असते. मनगट हलल्याने टोक भरकटण्याचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. त्यामुळे विळीचे पाते चाकूहून बरेच मोठे असले तरी ते ताब्याबाहेर जात नाही, आणि मेथीच्या जुडीपासून लाल भोपळ्यापर्यंत सर्व काही तिच्यावर चिरता येते. पाते वाकडे असल्यामुळे भाजी पुढे रेटली की ओढही आपोआप मिळते. विळीचा धोका निराळा आहे: काम संपल्यावर ती उभी ठेवणे. रांगते मूल असलेल्या घरात विळी भिंतीकडे तोंड करून, आडवी अथवा मिटून ठेवावी, ही आजीची शिकवण कोणत्याही नियमपुस्तकाहून कमी मोलाची नाही.

ज्या घरी ओट्याशी उभे राहून स्वयंपाक होतो, तेथे दोन सुऱ्या पुरतात. एक चार अंगुळांची, सोलण्यास व लसूण-मिरचीस. दुसरी आठ अंगुळांची, चिरण्यास. कोबीचा गड्डा अथवा कलिंगड पाहून कोणी म्हणेल की याहून मोठी सुरी हवी. परंतु कलिंगड २४ सेंटिमीटर रुंद असले तरी त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर १२ सेंटिमीटरच असते. १५ सेंटिमीटरांचे पाते त्यात घालून फळ सभोवार फिरविले की दोन फाका सरळ होतात. बुद्धी वापरली तर लांबी वाचते, ती अशी.

आता खिशातील चाकू. याचे पाते तीन ते साडेचार अंगुळांपलीकडे नसावे. जगातील नामांकित कारागिरांचा अनुभवही हाच आहे. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने इ. स. १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा मिटता चाकू बनविला आणि १८९७ साली त्याची एकापासून बारापर्यंत क्रमांकांची मालिका काढली. त्यांतील लहान चाकू किल्ल्यांच्या जुडग्यात मावे. आजवर सर्वांत लोकप्रिय ठरला तो मधला आठव्या क्रमांकाचा. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार अंगुळांचे. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्झेनर याच्या कारखान्याने १८९१ साली सैनिकांस जे चाकू पुरविले, त्यांचाही घाट खिशात मावणाराच होता. सैनिकास त्या चाकूने डबा उघडावयाचा, बंदुकीचा मळसूत्री खिळा काढावयाचा आणि भाकरी कापावयाची होती. लढावयास त्याच्यापाशी निराळी शस्त्रे होती. हत्यार आणि शस्त्र यांतील हा भेद आम्ही पुढे पुन्हा सांगणार आहोत.

मिटत्या चाकूत लांबीवर आणखी एक बंधन आहे. पाते जेवढे लांब, तेवढी मूठ लांब. आणि सारा ताण एका खिळीवर. पाते उघडल्यावर खटक्याने अथवा कड्याने अडकत नसेल तर जोर लावताच ते बोटांवर मिटते. म्हणून मिटता चाकू घेताना लांबीच्या आधी खीळ व खटका पाहावा.

घराबाहेर पडून सोलापूर रस्त्याने मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन असे जावे तो दुतर्फा रोपवाटिका लागतात. तेथे गुलाबाचा डोळा भरणाऱ्या माळ्याच्या हातातील चाकू पाहावा. त्याचे पाते जेमतेम तीन अंगुळांचे असते, पण धार अशी की हातावरचा केस उतरावा. मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदार डॉगरिज जातीचा खुंट लावून त्यावर इच्छित जातीच्या काडीचे पाचर कलम करतात. काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करावयाचे, खुंटास उभी चीर द्यावयाची, आणि दोहोंच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांस भिडेल असे ते बसवून पट्टीने बांधावयाचे. काप खडबडीत झाला तर मध्ये पोकळी राहते, आणि काडी वाळून जाते. एका बागेत अशी हजारो कलमे करावी लागतात. वर्षाचे पीक ज्यावर उभे राहावयाचे, ते काम तीन अंगुळांच्या पात्यावर सोपविलेले असते. लहान पाते म्हणजे लहान काम, असे मानणाऱ्यांनी हे पाहून घ्यावे.

याच्या उलट टोकास उसाचा कोयता. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी हडपसरच्या पूर्वेकडील जमिनींस मिळाले. त्या पाण्याने या भागात भाजीपाला व ऊस पिकू लागला. मांजरीस १९७५ साली साखरधंद्याच्या संशोधनाकरिता जी संस्था स्थापन झाली, ती आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

उसाच्या कोयत्याचे पाते साधारण वीतभर, रुंद, जड व पुढे किंचित् वाकलेले असते. ते तसे का, हे काम पाहिले म्हणजे कळते. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. कारण बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते, आणि उंच बुडखे राहिले तर खोडव्याचे फुटवेही नीट येत नाहीत. तेव्हा तोडणारा वाकतो, डाव्या हाताने ऊस धरतो, आणि उजव्या हाताने जमिनीसरसा घाव घालतो. मग वाढे छाटतो व पाचट काढतो. घावास वजन हवे म्हणून पाते जड. ऊस निसटू नये म्हणून ते वाकडे. परंतु ते हातभर लांब केलेले चालत नाही. कारण दिवसभर ओणवे राहून ते पेलवत नाही, जमिनीत रुतते, आणि शेजारी मोळी बांधणाऱ्यास लागण्याचे भय राहते. असे अनेक पिढ्यांच्या हातांनी त्या पात्याचे माप ठरविले आहे.

बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून जी कुटुंबे दरसाल ऊसतोडीस येतात, त्यांची गणती मुकादम माणसांत करीत नाही, कोयत्यांत करतो. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी; एकटा मजूर म्हणजे 'अर्धा कोयता'. माणसाचे नाव हत्यारास मिळते हे आपण पाहिले आहे. येथे हत्याराचे नाव माणसांस मिळाले आहे. थंडीत पहाटे फडात उतरणाऱ्या त्या जोडीच्या पोटाचा सारा भार या वीतभर पात्यावर असतो. हे ज्याने एकदा समजून घेतले, त्याला कोयता हे खेळणे वाटावयाचे नाही.

आणि म्हणूनच पुढील गोष्ट लिहिताना आम्हांस खेद होतो. इ. स. २०२२-२३ च्या सुमारास पुणे शहरात, आणि आपल्या हडपसर-मांजरीच्या बाजूसही, कोयते परजून दुकानदारांस व वाटसरूंस धमकाविणाऱ्या टोळक्यांचा उपद्रव वाढला. 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला व तो प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. त्या प्रकरणांत अगदी कोवळ्या वयाची मुलेही सापडली. ज्या हत्याराने ऊस तुटतो त्याने माणूस तुटू लागला, तर त्यात लोखंडाचा दोष नाही. परंतु लांब पाते हाती आले म्हणजे आपण मोठे झालो, ही जी समजूत डोंगरावरच्या आमच्या विद्यार्थ्याच्या मनात अगदी निरुपद्रवी रूपात होती, तिचेच हे विषारी रूप होय. त्या मुलाने अंगठा कापून घेतला. ही मुले आपले आयुष्यच कापून घेतात.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे प्रत्येकाने जाणावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली जे नियम झाले, त्यांत ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय अथवा औद्योगिक कामासाठी बनविलेली पाती त्यांतून वगळली आहेत. नऊ इंच म्हणजे आपली बारा अंगुळांची वीत! परंतु वीतभरापेक्षा आखूड पाते म्हणजे निर्धास्त परवाना, असे मात्र कोणी समजू नये. सार्वजनिक शांततेसाठी पोलीस आयुक्तांस १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाईहुकूम काढता येतो, आणि तो चालू असता सुरी-चाकू बाळगून हिंडणेही गुन्हा ठरू शकते. आखूड पात्याने कोणास धमकाविले तरी तो गुन्हाच. इतर देशांतही असेच निर्बंध आहेत. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने ३ इंचांपर्यंतच्या धारेचा मिटता चाकूच तेवढा सबळ कारणावाचून सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगता येतो. तीन इंच म्हणजे आपली चार अंगुळे. रोजच्या उपयोगास जेवढे पाते पुरते असे आम्ही वर ठरविले, तेवढेच तेथील कायद्यानेही निरुपद्रवी मानले आहे.

आता सहलीचा चाकू. दिवेघाटात, सिंहगडावर अथवा कानिफनाथास जाताना कापावयाचे ते काय? दोरी, फळे, पट्टीचे कापड, फार तर वाळकी काटकी. यास चार-पाच अंगुळांचे पाते भरपूर होते. रात्री मुक्काम असून स्वयंपाक करावयाचा असेल तर गटास मिळून एक सहा अंगुळांची, न मिटणारी, म्यान असलेली सुरी घ्यावी. झाडाची ओली फांदी तोडावयाची नाही, हे एकदा ठरले म्हणजे मोठ्या पात्याची गरजच सरते. चाकू वापरण्यापूर्वी हात पसरून स्वतःभोवती फिरावे. त्या वर्तुळात दुसरे कोणी नसावे. कापताना पाते अंगापासून दूर न्यावे. दुसऱ्यास देताना मूठ त्याच्याकडे करून द्यावी. पडणारा चाकू झेलू नये. पाय मागे घेऊन तो पडू द्यावा. इतक्यावरही लागलेच तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा, आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांस विचारावे.

धारेविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर लेख अपुरा राहील. बोथट चाकू निरुपद्रवी असतो, हा मोठा भ्रम आहे. बोथट पात्यास जोर अधिक लावावा लागतो, आणि जोर अधिक लावला की पाते घसरते. निसण्यावर पाणी टाकून, पाते एकाच कोनात धरून दोन्ही बाजूंनी सारखे घासावे. कागदाची कड हातात धरून कापली गेली तर धार लागली असे समजावे. धार लागलेले आखूड पाते हे बोथट लांब पात्याहून प्रत्येक कामात सरस ठरते.

सारांश, चाकू घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. मी काय कापणार? ते कापताना पाते हातात हलणार, ओढले जाणार, की घाव घालणार? आणि काम झाल्यावर हे पाते कोठे राहणार? पहिल्या दोहोंच्या उत्तरांनी लांबी ठरते; तिसऱ्याने आपली लायकी ठरते. दोन लांबींमध्ये मन घुटमळू लागले तर आखूड घ्यावे.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा अंगठा आठवड्याभरात बरा झाला. त्याने तो वीतभर चाकू घरी आईच्या हवाली केला, आणि आता तो भोपळा कापण्याच्या कामी येतो असे ऐकतो. पुढील सहलीच्या सूचनापत्रकात आम्ही एक ओळ वाढविली आहे: विद्यार्थ्यांनी चाकू आणू नये, गटास लागणारा एक चाकू शिक्षकांजवळ राहील. त्याचे पाते किती लांब असावे, हे मात्र विद्यार्थ्यांनी मोजून ठरवावे. त्यांनी ते ठरविलेही आहे: साडेचार अंगुळे.